‘दोन दिवस रडेल, मग रमेल’ : एका समजुतीचा इतिहास

मराठी घरांतून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या बोलले जात आले आहे : ‘दोन दिवस रडेल, मग रमेल.’ मुलाला शिक्षणासाठी मामाकडे ठेवताना, धाकट्याच्या जन्माच्या वेळी थोरल्याला आजोळी धाडताना, वसतिगृहाच्या दाराशी ट्रंक उतरवताना, आणि एके काळी आठ-नऊ वर्षांच्या मुलीची सासरी पाठवणी करतानाही वडीलधाऱ्यांनी हेच वाक्य उच्चारून एकमेकांची समजूत घातली. या वाक्यात निर्दयपणा नाही. बोलणाऱ्याचा कंठही पुष्कळदा दाटलेला असे. पण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. मूल काही दिवसांनी रडायचे थांबते, हे निरीक्षण आहे आणि ते खरे आहे. रडायचे थांबले म्हणजे त्याचे दुःख सरले, हे अनुमान आहे. हे अनुमान तपासून पाहावयास हवे असे शास्त्रज्ञांना वाटू लागेपर्यंत विसावे शतक निम्मे सरले. बालकांच्या व किशोरवयीनांच्या मनःस्वास्थ्याविषयी तेव्हापासून आजवर जे संशोधन झाले, त्यातील एक मोठा प्रवाह या एकाच अनुमानाच्या मागावर निघालेला आहे, असे मला वाटते.

आपल्यासारख्या देश-कोकण सोडून आलेल्या घराण्यांना हा विषय परका नाही. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या चाकरीनिमित्त वा पुढे रेल्वे, शाळा-कचेऱ्यांच्या निमित्ताने आपले पूर्वज गावोगाव पांगले. कोणताही कुलवृत्तान्त उघडून पाहावा. ‘शिक्षण इंदुरास काकांकडे’, ‘बालपणी मातृवियोग, बडोद्यास आत्याने वाढविले’, ‘वार लावून जेवून विद्यार्जन केले’ अशा एका-एका ओळीत एकेक बालपण मिटलेले आढळते. १८७५ साली कवळाण्याच्या गोपाळराव नावाच्या बारा वर्षांच्या मुलास जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेतले आणि तो सयाजीराव महाराज झाला. हा भाग्योदय आपण सर्वांनी वाचलेला आहे. बारा वर्षांच्या मुलाने आईबाप आणि गाव एकाच वेळी सोडले, ही त्याच घटनेची दुसरी बाजू मात्र क्वचितच मनात येते.

बालविवाहाच्या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात केवढे वादंग माजले! १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा झाला. बडोदे संस्थानाने १९०४ साली बालविवाह-प्रतिबंधाचा कायदा करून मुलींसाठी बारा आणि मुलांसाठी सोळा वर्षांची मर्यादा घातली. पण वाद रंगला तो प्रामुख्याने शरीराचा आणि शास्त्रवचनांचा. घर सुटलेल्या मुलीच्या मनाचे काय होते, याची साक्ष मराठीत डॉक्टरांनी दिली नाही की सुधारकांनी दिली नाही. ती दिली रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यासारख्या स्त्रियांनी, आणि तीही प्रौढपणी, आठवणींच्या रूपाने. त्या बिचाऱ्या मुली ‘रमल्या’ होत्या असेच तोवर सर्वांनी धरून ठेवले होते.

पश्चिमेकडे हे अनुमान घरापेक्षा इस्पितळात अधिक पक्के रुजले होते. १९४९ साली लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात तेथील मोठ्या इस्पितळांतील मुलांना भेटण्याच्या वेळा प्रसिद्ध झाल्या. आज त्या वाचताना विश्वास बसत नाही. गाइज इस्पितळात रविवारी दुपारी दोन ते चार. वेस्टमिन्स्टरमध्ये बुधवारी आणि रविवारी एकेक तास. सेंट टॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाही. संध्याकाळी मूल झोपले असता आईबापांनी पाहून जावे. लंडन हॉस्पिटलमध्ये तीन वर्षांखालील मुलांची भेटच नाही. मधल्या आडपडद्यातून पाहण्याची तेवढी मुभा. वेस्ट लंडनमध्ये तर भेट मुळीच नाही.

हे नियम करणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांना संसर्गाची भीती होती. आणि दुसरे कारण त्यांच्या दृष्टीने निर्विवाद होते. पहिले दोन-तीन दिवस मूल आकांत करते, मग शांत होते, खाऊ-पिऊ लागते, परिचारिकांचे ऐकते. आई भेटायला आली की पुन्हा रडू लागते, आणि ती गेल्यावर तर आवरेनासे होते. तेव्हा आईच्या भेटीनेच मुलाला त्रास होतो, हा निष्कर्ष उघड होता! तर्क असा की, जिथे अश्रू दिसतात तिथेच दुखणे आहे. अश्रू नसलेल्या दिवसांत काय चालले आहे, हे पाहण्यासाठी कोणी पलंगापाशी बसून राहिले नव्हते.

ते काम जेम्स रॉबर्टसन नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने केले. तो डॉक्टर नव्हता. सामान्य कामकरी घरातला हा माणूस महायुद्धाच्या काळात ॲना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेड येथील बालगृहात बॉयलर सांभाळण्यापासून पडेल ते काम करीत असे. ॲनाबाईंचा एक दंडक होता : बालगृहात काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणीही असो, मुलांच्या वागण्यात जे दिसेल ते कार्डावर लिहून काढावयाचे. बॉयलरवाल्याला निरीक्षक करणारा हा दंडक या सगळ्या इतिहासात मला फार मोलाचा वाटतो. १९४८ साली मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी रॉबर्टसनला टॅव्हिस्टॉक संस्थेत घेतले आणि इस्पितळातील मुलांचे निरीक्षण करण्यास पाठविले.

तेथे त्याला तीन अवस्था दिसल्या. प्रथम मूल आक्रोश करते, आई येईल म्हणून दाराकडे पाहत राहते. मग आशा सुटते. ते मलूल होते, हळू आवाजात कण्हते. आणि शेवटी ते ‘सुधारते’. परिचारिकांकडे पाहून हसते, खेळणी घेते. पण आई आली की तिच्याकडे ओळख नसल्यासारखे पाहते, किंवा पाठ फिरवते. इस्पितळ ज्या अवस्थेला ‘रमले’ म्हणत होते, ती रॉबर्टसनच्या मते सर्वांत काळजीची अवस्था होती. मुलाचा शोक तेथे आत वळलेला असे.

त्याचे म्हणणे कोणी ऐकेना. डॉक्टरांच्या सभेत एका बिगरडॉक्टरच्या शब्दाला काय किंमत! तेव्हा त्याने चित्रपट काढण्याचे ठरविले. कॅमेरा त्याने पूर्वी हाती धरला नव्हता. आपण सोयीची दृश्ये निवडली असा आक्षेप येणार हे ओळखून त्याने प्रतीक्षायादीतून मूल चिठ्ठीने निवडावे तसे निवडले, रोज ठरावीक वेळांनाच चित्रण केले, आणि भिंतीवरचे घड्याळ दृश्यात येईल अशी दक्षता घेतली. निवड झाली ती लॉरा नावाच्या दोन वर्षे पाच महिन्यांच्या मुलीची. बेंबीच्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस राहणार होती. योगायोग असा की ही मुलगी वयाच्या मानाने विलक्षण संयमी निघाली. ती ओरडत नाही, आदळआपट करीत नाही. ओठ दाबते, हुंदका गिळते, मधूनच हलक्या आवाजात आईची चौकशी करते. आठ दिवसांत तिचा चेहरा जो बदलत जातो, तोच त्या चित्रपटाचा सारा विषय आहे.

नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखविला गेला तेव्हा सभा संतापली. हा परिचारिकांचा अपमान आहे, ही मुलगी अपवादात्मक आहे, आमच्या वॉर्डातील मुले आनंदी असतात, असे वक्ते एकामागून एक उठून सांगू लागले. संतापलेल्यांत डर्मॉड मॅकार्थी हे बालरोगतज्ज्ञही होते. ते आपल्या अमरशमच्या इस्पितळात परतले, वॉर्डातून फिरले, आणि जे इतकी वर्षे डोळ्यांसमोर होते ते त्यांना प्रथमच दिसू लागले. पुढे त्यांनीच आयांना मुलांजवळ राहण्याची मोकळीक दिली, आणि रॉबर्टसनचा १९५८ सालचा दुसरा चित्रपट त्यांच्याच वॉर्डात तयार झाला. १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने मुलांच्या भेटीवरील निर्बंध उठवावेत, लहान मुलांबरोबर आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. शिफारस आणि अंमल यांत अंतर राहिलेच. ते कमी करण्यासाठी १९६१ साली लंडनच्या बॅटर्सी भागातील आयांनी एकत्र येऊन संघटना काढली.

लॉराची एक हकीकत मात्र सांगितलीच पाहिजे. घरी परतल्यावर ती थोड्याच दिवसांत पूर्ववत झाली असे वाटत होते. काही महिन्यांनी आईवडिलांना तो चित्रपट दाखविला जात असताना तिने अकस्मात त्याचा शेवटचा भाग पाहिला. तिचा चेहरा लाल झाला. इतका वेळ तू होतीस कुठे, असे तिने आईला रागाने विचारले, आणि रडत ती आईकडे न जाता वडिलांकडे वळली. तीन वर्षांचीही नसलेली ही मुलगी तो प्रश्न इतके महिने मनात बाळगून होती.

आपल्याकडील इस्पितळांत मुलाच्या खाटेशेजारी चटई टाकून आई, कधी आजी, कधी मावशीसुद्धा पडून असते. शिस्तीच्या भोक्त्यांनी या गर्दीला कायम नावे ठेवली. जी गोष्ट इंग्लंडला चित्रपट, समिती आणि आंदोलन करून मिळवावी लागली, ती आपल्याकडे केवळ परिचारिका पुरेशा नाहीत म्हणून टिकून राहिली, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची.

बोल्बींचे नाव या काळात जगभर गाजले ते जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी १९५१ साली लिहिलेल्या अहवालामुळे. युद्धाने निराधार झालेल्या मुलांविषयीचा हा अहवाल. शरीराला जशी जीवनसत्त्वे, तसा बालमनाला आईचा अथवा आईच्या जागी असलेल्या एका व्यक्तीचा अखंड सहवास आवश्यक, हे त्याचे सार. त्याच्या आधारस्तंभांपैकी एक होते रेने स्पिट्झ यांचे १९४५ सालचे निरीक्षण. स्पिट्झनी दोन संस्थांतील तान्ह्या मुलांची तुलना केली. एक होती स्त्रियांच्या तुरुंगातील बालशाळा. तेथे मुलांचे सारे त्यांच्या कैदी आयाच करीत. दुसरे होते अनाथ बालकांचे स्वच्छ, नीटनेटके गृह. आहार उत्तम, डॉक्टर नियमित, पण एकेका परिचारिकेकडे सात-आठ बाळे, आणि खाटांच्या कडांवर चादरी टांगलेल्या, त्यामुळे बाळाला दिसे ते फक्त छत. दोन वर्षांत त्या स्वच्छ गृहातील ९१ पैकी ३४ मुले दगावली. तुरुंगातील बालशाळेत एकही नाही. स्पिट्झच्या पद्धतीवर पुढे टीका झाली आणि त्यातील बरीच रास्त होती; पण ज्याने ते आकडे एकदा वाचले त्याला ते विसरता येत नाहीत.

येथे आपल्या समाजातील थोर प्रयत्नांचे स्मरण होणे साहजिक आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह, किंवा १८७५ साली प्रार्थना समाजाने पंढरपुरास सुरू केलेला बालकाश्रम, यांच्यापुढे प्रश्न होता तो मूल जगविण्याचा. टाकून दिलेले मूल जगले पाहिजे, ही लढाईच केवढी होती! जगलेल्या मुलाच्या मनाचा प्रश्न पुढच्या काळाने विचारावयाचा होता. भारतात तो विचारला जाऊ लागला १९३७ च्या सुमारास, मुंबईत टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने पहिले बालमार्गदर्शन केंद्र काढले तेव्हा.

बोल्बींच्या सिद्धान्ताचा दुरुपयोगही झाला, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही. ‘आई’ या एका शब्दावर एवढा भार पडला की नोकरी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला अपराधी ठरविण्यासाठी ते पुस्तक वापरले गेले. मार्गारेट मीड यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितले की, जगातील पुष्कळ समाजांत मूल अनेकांच्या अंगाखांद्यावर वाढते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या पिढीला हे वेगळे सांगावयास नको. काकूच्या कुशीत झोपणारे आणि आजीच्या हातून जेवणारे मूल ‘वंचित’ नसते. १९७२ साली मायकेल रटर यांनी या सर्व पुराव्याची फेरतपासणी केली आणि भेद स्पष्ट केले : आईपासून काही काळ दूर राहणे निराळे, बंध जडल्यानंतर तो तुटणे निराळे, आणि कोणाशीही बंध जडण्याची संधीच न मिळणे निराळे. या तिसऱ्या प्रकाराचे परिणाम भरून निघतात काय, आणि कोणत्या वयापर्यंत, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. त्याचे उत्तर मिळावे अशी परिस्थिती कोणी जाणूनबुजून निर्माण करणार नव्हते.

ती एका हुकूमशहाने निर्माण केली. रुमानियाच्या चाऊशेस्कूला देशाची लोकसंख्या वाढवावयाची होती. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्याने ७७० क्रमांकाचा हुकूम काढून, थोडे अपवाद वगळता, गर्भपातावर बंदी घातली. संततिनियमनाची साधने मिळेनाशी झाली. दुसऱ्याच वर्षी जन्माचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. जी मुले पोसणे कुटुंबांना शक्य नव्हते ती सरकारी संस्थांत जमा होऊ लागली. सरकार तुमच्यापेक्षा चांगले वाढवील, अशी शिकवणही होतीच. त्यामुळे तेथील बहुसंख्य मुले अनाथ नव्हतीच. त्यांचे आईबाप हयात होते. तान्ह्या मुलांच्या या संस्थांना रुमानियन भाषेत जे नाव होते, त्याचा अर्थ ‘पाळणा’. डिसेंबर १९८९ मध्ये चाऊशेस्कूची राजवट कोसळली आणि जगाने त्या पाळण्यांत डोकावून पाहिले. एक लाखाहून अधिक मुले तेथे होती. पाहणाऱ्यांनी अस्वच्छता, उपासमार यांची वर्णने केलीच. पण अनेकांना अधिक हादरविले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. तान्ह्या मुलांनी भरलेल्या त्या दालनांत शांतता होती. रडण्याने कोणी येत नाही, हे ती मुले शिकली होती.

यांतील काही मुले परदेशांत दत्तक गेली. ब्रिटनमध्ये आलेल्या १६५ मुलांचा रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ज्यांचा संस्थेतील वास सहा महिन्यांच्या आत संपला होता, ती मुले पुढे इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ राहिलेल्यांपैकी पुष्कळांत अवधानाचा अभाव, अतिचंचलता, माणसांशी संबंध जुळविण्यातील विचित्रपणा टिकून राहिला. त्यांतले एक लक्षण फार विचार करावयास लावणारे आहे. ही मुले कोणाही अनोळखी माणसाच्या मागे बेलाशक चालू लागत. ‘आमचे बाळ कोणाकडेही जाते, मुळीच रडत नाही,’ असे आपण कौतुकाने सांगतो. अर्थात भरल्या घरात वाढलेल्या हसऱ्या बाळाची गोष्ट निराळी. त्याला परतण्याची जागा ठाऊक असते. या मुलांना अशी जागाच ठाऊक नव्हती.

२०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये या मुलांच्या तारुण्यापर्यंतची हकीकत प्रसिद्ध झाली. तिच्यात आशा आणि चिंता दोन्ही आहेत. बुद्धीचे मागासलेपण मोठेपणी बव्हंशी भरून निघाले होते. दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्यांपैकी सुमारे पाचांत एकाला तर कोणत्याच टप्प्यावर काही अडचण आलेली दिसली नाही. तो कशाच्या बळावर तरला, हे कोडेच आहे. पण चिंता व नैराश्याची लक्षणे, जी अकराव्या आणि पंधराव्या वर्षी इतरांहून फारशी अधिक नव्हती, ती ऐन तारुण्यात ठळकपणे वर आली. म्हणजे पंधराव्या वर्षीच कोणी तपासणी थांबविली असती, तर मुले ‘रमली’ असाच अहवाल लिहिला गेला असता.

पण दत्तक घेणारे कदाचित मुळातच सुदृढ मुले निवडत असतील. मग श्रेय कुटुंबाला कसे द्यावयाचे? या शंकेचे निरसन करणारा अभ्यास बुखारेस्टमध्ये झाला. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तिघा अमेरिकन संशोधकांनी २००० साली तो हाती घेतला. सहा संस्थांतील, सहा महिने ते अडीच वर्षे वयाची १३६ मुले त्यांनी निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन भाग केले. ६८ मुलांना प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता संगोपनाची जबाबदारी पत्करणाऱ्या घरांत, पाठविले. ६८ जणांची व्यवस्था होती तशीच राहू दिली.

चिठ्ठीने एका मुलाला घर द्यावयाचे आणि दुसऱ्याला संस्थेत ठेवावयाचे, हे वाचताच मन विटते. संशोधकांवर टीका झाली आणि ती व्हावयास हवीच होती. त्यांची बाजू अशी : बुखारेस्टमध्ये त्या वेळी अशी कुटुंबे जवळजवळ नव्हतीच, ५६ कुटुंबे त्यांनीच शोधून, प्रशिक्षण देऊन, मोबदला देऊन उभी केली. कोणत्याही मुलाला अभ्यासासाठी संस्थेत अडकवून ठेवावयाचे नाही, इतर मार्गाने घर मिळाल्यास ते जाऊ द्यावयाचे, हा नियम पहिल्यापासून होता. आणि संस्थाच बऱ्या की कुटुंबे, याबद्दल तेथील अधिकाऱ्यांचे एकमत नव्हते. मला ही बाजू पटते. तरी दुसऱ्या ६८ मुलांचा विचार मनातून जात नाही.

निकाल १९४५ च्या स्पिट्झपेक्षा कितीतरी भक्कम पायावर आले. साडेतीन वर्षांच्या वयात संस्थेतील मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७७ होता, प्रतिपालक कुटुंबांतील मुलांचा ८६, आणि जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्यांचा १०३. सांभाळणाऱ्या व्यक्तीशी निर्धास्त अनुबंध जडलेली मुले कुटुंबांत जवळपास निम्मी होती. संस्थेत शंभरांत अठराही नाहीत. साडेचार वर्षांच्या वयात चिंता-नैराश्यासारखे विकार कुटुंबांतील मुलांत संस्थेतील मुलांच्या मानाने सुमारे निम्मे होते. अतिचंचलता मात्र कुटुंबातही कमी झाली नाही. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले त्यांना अनेक बाबतींत अधिक लाभ झाला. २००४ साली रुमानियाने कायदा करून दोन वर्षांखालील मुलांना, गंभीर अपंगत्वाचा अपवाद सोडून, संस्थेत ठेवण्यास मनाई केली. एवढ्यासाठी तरी त्या चिठ्ठ्या वाया गेल्या नाहीत.

आता थोडे मोठ्या मुलांकडे वळू. लहान मूल निदान दोन दिवस तरी रडते. चौदा वर्षांचा मुलगा तेवढेही करीत नाही. येथे पुन्हा रटर यांचेच नाव घ्यावे लागते. १९६४-६५ साली त्यांनी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आयल ऑफ वाइट या बेटावरील दहा-अकरा वर्षांच्या झाडून साऱ्या, सुमारे २२०० मुलांची पाहणी केली, आणि तीच मुले चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठली. पौगंडावस्था म्हणजे आईबापांशी उभा दावा, ही लोकप्रिय कल्पना त्यांना खोटी आढळली. बहुतेक मुलांचे घरी बरे चालले होते. पण मुलांना एकांतात विचारले असता पुष्कळांनी आपण खिन्न असतो, स्वतःला कमी लेखतो, लोक आपल्याकडे पाहून हसतात असे वाटते, हे सांगितले. १९७६ साली हे निष्कर्ष छापताना संशोधकांनी नोंदविले की, हे दुःख खरे असूनही मोठ्यांच्या ते बहुधा लक्षात येत नाही. घरात भांडण नाही, परीक्षेत गुण बरे, जेवण वेळेवर. मग लक्षात येणार तरी कसे?

हे केवळ एका बेटाचे वैशिष्ट्य नव्हते. १९८७ साली टॉमस आकेनबाक यांनी ११९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मुलाच्या मनःस्थितीविषयी आई आणि वडील यांची उत्तरे एकमेकांशी बऱ्यापैकी जुळत होती; त्या मेळाचा गुणांक, जो पूर्ण मेळ असता एक भरला असता, ०·६० होता. पालक आणि शिक्षक यांचा ०·२८. आणि मूल स्वतः जे सांगते त्याचा मोठ्यांच्या उत्तरांशी मेळ अवघा ०·२२. आईबापांचे एकमेकांशी पटते, पण मुलाशी नाही. दोघे मिळून एकच चुकीचे चित्र पाहत असावेत, अशी शंका घेण्यास येथे पुरेशी जागा आहे.

आपल्या देशाचे आकडे पाहावेत तर तेथेही विचारणाऱ्याच्या पद्धतीप्रमाणे उत्तर बदलताना दिसते. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील १२ ते १६ वयाच्या २०४८ मुलामुलींची पाहणी केली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. मनोविकाराचे प्रमाण आढळले केवळ १·८१ टक्के. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटात तेच प्रमाण ७·३ टक्के, आणि महानगरांत १३·५ टक्के निघाले. वये थोडी निराळी, प्रश्नावल्या निराळ्या. तेव्हा गोव्याची मुले सुखी आणि बाकीची दुःखी असा अर्थ काढणे भाबडेपणाचे होईल. गोव्याच्या पाहणीतील मोलाची गोष्ट टक्केवारीहून निराळी आहे. अभ्यासातील अडचणी, शिवीगाळ वा मारहाण, असुरक्षित परिसर, मुलगी म्हणून मिळणारी दुजाभावाची वागणूक यांचा विकारांशी संबंध दिसला. आणि अडीअडचणीला आपण प्रथम घरच्यांकडे जातो असे ज्यांनी सांगितले, त्यांच्यात विकारांचे प्रमाण कमी होते. नुसते घर असणे पुरेसे ठरले नाही. मूल घराकडे वळते की नाही, यावर बरेच अवलंबून होते.

आज आपल्या घरांतील मुले सोळाव्या-सतराव्या वर्षी कोट्यास, हैदराबादेस, पुण्यास शिकवणी-वर्गांसाठी जातात. पूर्वी मुलगा काकांकडे जात असे आणि तेथे निदान काकू असे. रविवारी दूरध्वनी होतो, ‘रमलास ना?’ ‘हो.’ राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ साली विद्यार्थ्यांच्या १३,०४४ आत्महत्यांची नोंद केली. त्यांत महाविद्यालयीन तरुणही आहेत आणि प्रत्येकाचे कारण शिक्षण नव्हते. तरी त्या आकड्याच्या मागे ‘हो’ म्हणणारी किती मुले असतील, याचा अंदाज कोणत्याही पाहणीने दिलेला नाही.

गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने अलीकडे दिल्लीच्या सरकारी शाळांत एक साधा प्रयोग केला. समुपदेशक शाळेत असतोच. पण त्याच्याकडे फार थोडी मुले येत. मुलांना त्याच्याकडे धाडण्याचे काम शिक्षकांवर न सोपविता संशोधकांनी काही वर्गांत एक तास घेतला. ताण म्हणजे काय, तो कसा ओळखावा, कोणाशी बोलता येते, हे चित्रफितीच्या साह्याने मुलांनाच सांगितले, आणि आपले नाव कसे नोंदवायचे तेही सांगितले. ज्या वर्गांत असा तास झाला, तेथून येणाऱ्या मुलांची संख्या इतर वर्गांच्या मानाने अनेक पटींनी वाढली. आणि त्यांतील बहुतेक सर्व कोणी न धाडता आपणहून आली होती.